शिंप्याच्या नजरेतून जनरलचं अपहरण

साऱ्या बंगळुरात इंग्रजी चित्रपट पूर्णपणे समजणारा एकच माणूस होता, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. चिकपेटेच्या एका बोळात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि महायुद्धाच्या काळात त्यांनी तिथं लष्करी गणवेश शिवले होते. त्या धामधुमीत गोऱ्या साहेबांशी बोलून जेवढं इंग्रजी अंगाला लागलं तेवढ्यावर त्यांचा जन्मभर संसार चालला. “चेस्ट, वेस्ट, कॉलर आणि अर्जंट. माणसाचं आणखी काय असतं सांग?” असं ते मला विचारत. मी तेव्हा सेंट्रल कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकत होतो आणि मला याचं उत्तर कधी देता आलं नाही.

दर रविवारी दुपारी काका कँटोन्मेंटमधल्या टॉकीजमध्ये इंग्रजी चित्रपट पाहायला जात आणि बरोबर मला नेत. पडद्यावरची माणसं काय बोलतात याकडे त्यांचं लक्षच नसे. ते कपडे पाहत. एका रहस्यपटात पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी माझ्या बरगडीत कोपर खुपसून सांगितलं की खून त्या डॉक्टरानं केलाय, कारण जुन्या कोटाला त्यानं नवं अस्तर लावून घेतलंय आणि भला माणूस असा खर्च उगीच करत नाही. दोन तासांनी खुनी तो डॉक्टरच निघाला. तेव्हापासून घरात काकांच्या शब्दाला फार वजन आलं. एकदा पडद्यावर एक सैनिक मित्राच्या मांडीवर प्राण सोडत होता, सारं थिएटर मुसमुसत होतं, आणि काका चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “काजं हातानं केलेली नाहीत.” पुढच्या रांगेतली मड्डम मागे वळली. काकांनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि डावा खांदा उतरलाय असं मला मराठीत कळवलं.

संध्याकाळी घरी मावशी, शेजारच्या दोन अक्का आणि आल्यागेल्यासमोर त्या चित्रपटाची कथा व्हायची. काकांच्या कथेत परकं कोणी नसे. नायिकेच्या मागे लागलेला दुष्ट सरदार हा तिचा आतेभाऊ असे, समुद्री चाचे हे वाटणीवरून भांडलेले दायाद असत. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. मी मधे बोलत नसे, कारण खरी गोष्ट नेहमीच काकांच्या गोष्टीपेक्षा थोडी कमी रंगतदार असायची.

मग तो युद्धाचा चित्रपट आला. शत्रूचा एक जनरल शिकारीहून मोटारीनं परतत असतो. डोंगरातल्या वळणावर दोन तरुण अधिकारी गाडी अडवतात, त्याला धरतात, बर्फाच्या डोंगरातून खेचरावर बसवून नदीपर्यंत नेतात आणि पैलतीरी आपल्या सैन्याच्या हवाली करतात. त्या दोघांनी सोंग म्हणून जनरलच्याच सैन्याचे गणवेश चढवलेले असतात. काकांची गाडी घसरली ती इथं. संध्याकाळी त्यांनी सांगायला सुरुवात केली ती अशी की कापड एक, गुंड्या एक, म्हणजे ती माणसं एकाच घरची. त्यातल्या एकाची बाही दोन इंच लांब आणि खांदा सैल, म्हणजे थोरल्याचा कोट धाकट्यानं घातलाय, हे आंधळ्यालाही दिसेल. तेव्हा तो जनरल हा रुसून लांब जाऊन बसलेला थोरला भाऊ आणि ही पोरं त्याला घरी न्यायला आली होती. वाटेत जनरलचे पाय गारठतात तेव्हा तरुण अधिकारी त्याला स्वतःचे मोजे देतो. “शत्रूला कोण मोजे देतं?” असं काकांनी सगळ्यांना विचारलं. तोफा कसल्या, असं एका अक्कांनी विचारल्यावर ते म्हणाले की मोठ्या घरात रुसवा काढायचा म्हटला की तेवढं व्हायचंच.

या वेळी मात्र मी मधे पडणार होतो. तो कैदी होता, त्याला तुरुंगात टाकलं, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात माझं लक्ष मावशीकडे गेलं. तिला चित्रपटांचं कधीच कौतुक नव्हतं, पण तांदूळ निवडता निवडता तिचे हात थांबले होते आणि ती काकांकडे एकटक पाहत होती. मी गप्प बसलो.

कारण काकांनाही एक थोरला भाऊ होता. काका त्यांना अण्णा म्हणायचे. दोघं एकाच दुकानात बसत. बेतायचं काम अण्णांचं, शिवायचं काकांचं. सात वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर काकांनी अण्णांनी आखलेल्या कापडावरची रेघ पुसून आपल्या खडूनं दुसरी ओढली. अण्णांनी कात्री खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघाले ते परत दुकानात आले नाहीत. राजाजीनगरात नव्यानं वस्ती होत होती, तिथं ते राहायला गेले. आता काकांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. पहिली अक्षत थोरल्यांना द्यायची, म्हणून काका कुंकू, अक्षता, पत्रिका घेऊन बसनं तीनदा राजाजीनगरला गेले आणि तिन्ही वेळा फाटकाला हात लावून परत आले. मावशी रोज देवासमोर एकच म्हणायची, की थोरले मांडवात नसतील तर माझ्या पोरीचं लग्न कसलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला दुकानात बोलावून माझं माप घेतलं. त्यांचा बेत ठरला होता. अण्णा रोज पाचला भाजी घेऊन परततात, पिंपळाजवळच्या वळणावर टॅक्सी आडवी घालायची. दोघांनी एकाच कापडाचे कोट घालायचे. अण्णांच्या वेळचं करडं सर्जचं कापड अजून कपाटात होतं. “कापड बघून त्यांना कळायला पाहिजे, आपली माणसं आलीत करून,” ते म्हणाले. जनरलला वाटेत बिस्किटं दिली होती म्हणून चकल्यांचा डबा आणि थर्मासभर कॉफी घेतली. माझा कोट चार दिवसांत झाला. काकांचा स्वतःचा मात्र राहून गेला आणि ठरल्या दिवशी ते उजवी बाही नुसत्या धावदोऱ्यावर लावून निघाले.

टॅक्सी वळणावर आडवी घातली. अण्णा आले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. काका खाली उतरले. त्यांनी घोकलेलं एक भाषण होतं, टॅक्सीत मी ते तीनदा ऐकलं होतं. त्यातला एक शब्दही त्यांना आठवला नाही. दोघं भाऊ रस्त्यात एकमेकांसमोर नुसते उभे राहिले आणि मागे अडकलेला एक जटकेवाला घोडा आवरत कन्नडमध्ये ओरडायला लागला. शेवटी अण्णांनी पुढे होऊन काकांची बाही चिमटीत धरली.

“चुकली आहे की रे. स्वल्प पुढं पाहिजे.”

“होय अण्णा,” काका म्हणाले. “घरी येऊन तुम्हीच लावून द्या.”

अण्णांनी छत्री मिटली आणि ते गाडीत बसले. अपहरण निर्वेध पार पडलं म्हणून मी निःश्वास टाकतो तोच ते म्हणाले, आणि तुझ्या वहिनीला कोण सांगणार? जनरलला बायको नव्हती, त्यामुळे या मुद्द्याचा विचार झाला नव्हता. टॅक्सी त्यांच्या घरी गेली. वहिनींनी भाजी ठेवून घेतली, मला काय इथं राखण करायला ठेवताय का असं विचारलं, आणि एक ट्रंक व लोणच्याची बरणी घेऊन त्याही येऊन बसल्या. परतीच्या वाटेवर काकांनी अण्णांना त्या चित्रपटाची गोष्ट सांगितली, मोज्यांसकट. अण्णा चकली खात ऐकत होते आणि काका थांबले की “मग?” म्हणत होते.

लग्न छान झालं. पहिली अक्षत अण्णांच्या हातची पडली. जेवणं झाल्यावर मी हात धुवायला परसात गेलो तर अण्णा तिथं एकटेच उभे होते. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. हात पुसता पुसता ते म्हणाले, “ते चित्र मी पाहिलंय. साहेब लोकांची मापं घेऊन घेऊन मला इंग्रजी येतं. तो जनरल शत्रू असतो रे. कैद करून नेतात त्याला.”

मी तांब्या खाली ठेवला.

“त्याला सांगू नकोस,” अण्णा म्हणाले. पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, “तीनदा फाटकाशी आला तो. मी खिडकीत होतो. हाक मारायला माझं तोंड उघडलं नाही.”

पुढची पाच-सहा वर्षं रविवारी दोघं भाऊ टॉकीजला जायचे. मी नोकरीला लागलो होतो, पण जमेल तेव्हा मागच्या रांगेत बसायचो. काका कानात समजावून सांगत आणि अण्णा मान डोलवत. अण्णा गेल्यावर काकांनी चित्रपट सोडले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी काकाही गेले. मी अण्णांचा शब्द पाळला, काकांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. अजून कुठं जुना युद्धपट लागला की मी जातो. पडद्यावरचं सगळं बोलणं मला कळतं, कोण कुणाचा शत्रू तेही कळतं. अर्ध्यात उठून येतो. त्या दोघांची मला फार आठवण येते.