डावीकडे ओढणारं स्टिअरिंग

जगात जे काही बिघडतं त्याला स्वतःखेरीज बाकी सगळे जबाबदार असतात, यावर माझ्या भावोजींइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दूध नासलं की गवळी, भाजी करपली की स्टोव्ह, आणि दाढी करताना कापलं की ताईने नेमकी मध्येच हाक मारलेली असायची. आमच्या ठाण्याच्या घरी आले की चहा येण्याआधीच त्यांची नजर कशावर तरी पडे. एकदा भिंतीवरचं घड्याळ जरासं मागे पडतंय असं त्यांना दिसलं. ते उतरवून त्यांनी वर्तमानपत्रावर सुटं केलं, पुन्हा जोडलं, आणि ते चालेचना. भावोजींनी घड्याळाकडे नाही, भिंतीकडे बघितलं. म्हणाले, "भिंत ओळंब्यात नाही तुमची. बिल्डरने फसवलंय रे तुम्हाला." घड्याळ गेलं ते गेलंच, वर बावळट आम्ही ठरलो.

कोलशेतला ते नोकरीला होते तो कारखाना बंद पडला, तो मात्र खरोखरच त्यांच्यामुळे नव्हे. त्यानंतर त्यांनी झेरॉक्सचं दुकान काढून बुडवलं, मसाल्यांची एजन्सी घेऊन बुडवली आणि शेवटी डोंबिवलीत, शिकवणीच्या क्लासेसच्या गल्लीत, व्हिडिओ गेमचं पार्लर थाटलं. माझी बहीण सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेऊन संसार ओढत होती आणि हे उद्योगपती व्हायला निघालेले! मला त्यांचा संताप यायचा, आजही येतो. ताईने या वेळी मात्र शब्द घेतला, की हे बंद पडलं तर माजिवड्याला तिच्या चुलतसासऱ्यांच्या गोदामात मुकाट नोकरी धरायची. पुन्हा कुणाची चाकरी करणं म्हणजे भावोजींना नाक घासल्यासारखं वाटे. तरी त्यांनी शब्द दिला.

पार्लर चालत होतं ते एकाच मशीनवर. बसायला खुर्ची, पायाशी पेडल, समोर स्टिअरिंग आणि पडद्यावर सुसाट पळणारी लाल गाडी. गल्लीतली पोरं त्यासाठी रांग लावत. दसऱ्याला भावोजींनी त्याची पूजा केली, आणि ती कारखान्यात करत तशी, हात राखून नव्हे. स्टिअरिंगला झेंडूचा हार, मधोमध मूठभर हळदकुंकू आणि वरून फोडलेल्या नारळाचं पाणी. "पहिला मान चाकाचा," असं म्हणत त्यांनी अर्धी करवंटी तिथेच रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडच्या भिंतीवर जाऊन आदळू लागली. स्टिअरिंग कितीही उजवीकडे वळवा, गाडी डावीकडेच. भावोजींनी शोध सुरू केला. आधी त्यांनी गिऱ्हाइकांचे हात तपासले आणि कॉलेजच्या एका मुलाला, "तू डावखुरा आहेस, तुझ्यामुळेच सवय लागली त्याला," असं सुनावून कायमचा घालवला. मग डोंबिवलीच्या विजेला दोष दिला. मग फरशीला उतार आहे म्हणून मशीनखाली पुठ्ठे सरकवले. त्याने खेळणारा उजवीकडे कलू लागला, गाडी डावीकडेच राहिली. ताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, नारळाचं पाणी आत गेलं असेल."

"देवाच्या पाण्याने मशीन बिघडत नाही," भावोजी म्हणाले आणि आणखी एक पुठ्ठा शोधायला गेले.

दिवाळीची सुट्टी म्हणजे या धंद्याचा हंगाम. तो सगळा पुठ्ठ्यांत गेला. भाऊबीजेला मी डोंबिवलीला गेलो, तर ओवाळताना ताईचे डोळे सुजलेले दिसले. माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन तसाच पार्लरमध्ये गेलो आणि म्हणालो, "भावोजी, ते स्टिअरिंग उघडा, नाहीतर मी उघडतो." बहुधा माझा हात मशीनला लागेल याची त्यांना भीती वाटली असावी, त्यांनी उघडलं. आत दांड्याला एक छोटी गोल डबी असते, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असते तशीच. चाक किती वळलं ते ती मशीनला सांगते. ती उकलली तर आत कुंकवाचा वाळलेला चिकट राडा.

भावोजींनी तो नखाने खरवडून बघितला. आता नारळवाल्याचा नंबर लागणार, निदान कुंकवातल्या भेसळीचा तरी, म्हणून मी दात आवळून वाट बघत होतो. ते एवढंच म्हणाले, "माझ्याच हाताने झालं गं हे." ताईने मान खाली घातली.

रेडिओवाल्याकडून नवी डबी आणून बसवली आणि गाडी सरळ धावू लागली. पण पोरांना तोवर स्टेशनपलीकडच्या पार्लरची सवय झाली होती, ती काही परत फिरली नाहीत. भावोजींनी ना स्टेशनला नावं ठेवली ना पोरांना. मशीन शहाडच्या एका माणसाला विकलं आणि ताईने आठवण करून द्यायच्या आत माजिवड्याला रुजू झाले.

हेच व्हावं म्हणून मी वर्षानुवर्षं बोटं मोडली होती. ताईच्या घरात महिन्याला पगार येऊ लागला, तिच्या शिकवण्या कमी झाल्या. मग एका रविवारी ती दोघं आमच्याकडे जेवायला आली. आमचा पंखा करकरत होता. भावोजी बरोबर त्याच्याखाली बसले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. मी न राहवून स्टूल आणलं, स्क्रूड्रायव्हर त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, "भावोजी, बघता का जरा? आमचं छतच वाकडं असणार."

"मेकॅनिकला बोलाव रे," ते हळूच म्हणाले. "माझ्याकडून काहीतरी व्हायचं."

ताईने वाढता वाढता हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं. पंखा करकरत राहिला आणि आम्ही जेवलो.