मुकादम आहेत की नाहीत

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी घरातल्या टेबलावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "नापास." टेबल माझ्या वडिलांनी दिलेलं होतं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं, पण नवी नवरी, मला वाटलं गंमत करताहेत. पस्तीस वर्षं झाली, गंमत काही संपत नाही.

हे फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश खात्याचे मुकादम. कपाट असो, खुर्ची असो, ह्यांचा हात फिरल्याशिवाय ती गाडीत चढत नाही. हात म्हणजे तळहात नव्हे. तळहाताला इतके घट्टे पडलेत की त्याला खडबडीत-गुळगुळीत काही कळेनासं झालंय. म्हणून डोळे मिटायचे आणि बोटांची मागची बाजू लाकडावरून न्यायची. कुठे खरखर लागली की "नापास", आणि पाठोपाठ, "पुन्हा घास. घाई असेल तर बाहेर जा." कानामागे पेन्सिल, डावा खांदा जरा खाली. घरीही तीच तऱ्हा. चादरीच्या घड्या, घासलेली भांडी, भाजीतलं मीठ, कशाची म्हणून सुटका नाही. मीही काही कमी नाही, ऐकून घेते थोडीच.

आता आमच्या भाचीचं ऐका. माझ्या बहिणीची मुलगी, कॉलेजसाठी दोन वर्षं आमच्याकडे आहे. अभ्यास किती करते देव जाणे, पण एका रॅपरपायी तहानभूक विसरते. हा रॅपर म्हणे स्वतःच्या नावाने गातो तेव्हा अगदी गरीब गाय. मग मध्येच कोट चढवतो आणि 'मुकादम' होतो. झाला की स्वतःचंच गाणं थांबवून स्वतःला झापतो आणि तीच ओळ पुन्हा म्हणायला लावतो. अशी एक नाही, बारा गाणी. लोक त्या झापण्यासाठी तिकीट काढून जातात. मला तर हे घरबसल्या फुकट मिळत आलंय.

तर गेल्या महिन्यात ह्या रॅपरने जाहीर केलं की मुकादम संपला आणि रॅपही संपलं. आता माझं मन लाकडात रमतंय, मी खुर्च्या बनवणार. सोबत एका खुर्चीचा फोटो.

झालं, चाहत्यांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले. भाची म्हणे मुकादमच खरा, तो गरीब गाय म्हणजे नुसता मुखवटा. तिची जिवलग मैत्रीण म्हणे माणूस बदलला, त्याला जे आवडतं ते करू द्या की. दोघींचं बोलणं बंद. पण दुसरी काय म्हणतेय हे दोघीही मलाच विचारायच्या. कुणी म्हणे खुर्ची म्हणजे सत्ता. कुणी म्हणे तिचा एक पाय आखूड दिसतो, ते त्याचं हरवलेलं बालपण. एका उंटावरच्या शहाण्याने तर मुकादमाच्या हातावर चौदा पानं लिहिली होती. उलटा हात म्हणजे जगाच्या थोबाडीत मारायची राहून गेलेली चपराक, असं त्यात सिद्ध केलेलं.

"कसला हात गं?" मी विचारलं. आम्ही तिघं जेवत होतो. तिने त्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावून फोन माझ्यापुढे धरला.

अगं बाई! कोटाखालचा तो खाली गेलेला खांदा, ती पेन्सिल, मिटलेले डोळे, हवेतून सरकणारी बोटं. "नापास. घाई असेल तर बाहेर जा." समोर हजारो पोरं तस्सा हात फिरवताहेत. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हे तर आमचे हे!" मी म्हटलं आणि पुन्हा हसले.

भाची आ वासून बघत राहिली. घरात रोज 'नापास' ऐकून तिला वाटायचं काकाच चोरून ती गाणी ऐकतात आणि नक्कल करतात. तिला म्हणे त्याचा अभिमान वाटायचा, मैत्रिणींना सांगायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

हे मात्र हसले नाहीत. फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हा आपल्याकडे होता. दोन वर्षं माझ्या हाताखाली पॉलिश करायचा. एका दुपारी पॉलिश पेपर खाली ठेवला आणि कुणाला न सांगता निघून गेला." ताटात अर्धं जेवण तसंच होतं. हे उठून हात धुवायला गेले.

सकाळी बूट घालताना, माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "माझ्या तोंडामुळेच गेला तो. आणि म्हणूनच चारचौघांत माझं असं हसं केलं." मी म्हटलं, काहीतरीच काय. पण सगळ्यांत आधी फिदीफिदी हसले होते मीच, माझं कोण ऐकणार?

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळं पास व्हायला लागलं. चादर वेडीवाकडी, छान आहे. कपाला डाग, असू दे. पहिले दोन दिवस मी सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. ह्यांनी ती गुपचूप संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय." त्यातच कारखान्यातला गाडी भरणारा बाजारात भेटला आणि म्हणाला, मुकादमांना बरं नाहीये का, आठवडाभर हात न लावता सगळं सोडताहेत. हा माणूस निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना स्वतःलाच नापास करून बसला होता. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

मी भाचीला फैलावर घेतलं. तुझ्या त्या शहाण्यांना खरं काय ते सांग म्हटलं. तिने इमानदारीत सगळं लिहिलं, उलट्या हाताचं, घट्ट्यांचं, पॉलिश खात्याचं. काकांचा पेन्सिलवाला फोटोही टाकला. ग्रुपवर हशा पिकला. असले काका सगळ्यांच्या घरी असतात, म्हणे. चौदा पानंवाल्याने तर असा माणूस असूच शकत नाही हे मुद्देसूद दाखवून दिलं. शेवटी मतदान झालं, आणि एकशे बारा विरुद्ध तीन मतांनी आमचे हे अस्तित्वातच नाहीत असं ठरलं. हे आत बसलेत ना, ते मी एकदा डोकावून बघून आले.

त्या तीन मतांपैकी एक भाचीचं. दुसरं त्या मैत्रिणीचं. अबोला मोडून ती धावत आली, कारण भांडण असलं तरी तिने आमच्या घरी काकांचं 'नापास' ऐकलं होतं. तिसरं कुणाचं ते दोघींना कळेना.

रविवारी दुपारी ह्यांचा फोन वाजला. ह्यांच्याकडून नेहमीप्रमाणे स्पीकर दाबला गेला, तो बंद कसा करायचा हे ह्यांना आजवर जमलेलं नाही. पलीकडचा आवाज म्हणाला, "मुकादम, मी तुमचा पॉलिशवाला. तिसरं मत माझं होतं. त्या ग्रुपवर मी दुसऱ्या नावाने असतो."

ह्यांनी विचारलं, "मी इतका वाईट होतो का रे?"

"तुम्ही माझं एक टेबल सात वेळा परत पाठवलंत," तो म्हणाला. "आठव्यांदा काही बोलला नाहीत, सरळ गाडीत चढवलंत. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेलो, बस पकडायचं भानच नव्हतं. पुढे गाण्यात नाव झालं आणि लोक पहिल्याच ओळीला टाळ्या वाजवायला लागले. नीट ऐकायचं कुणीच नाही. म्हणून मी तुम्हाला स्टेजवर आणलं."

"मग पळून का गेलास?"

"गाणं खुणावत होतं. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

"आणि आता हे बंद का केलंस?"

"नक्कल पुष्कळ झाली, मुकादम. आता काम शिकायचंय. खुर्ची बघायला याल का?"

ह्यांनी घसा साफ केला. "पॉलिशचा दुसरा हात मारायच्या आधी पहिला वाळू दिला होतास का?"

"नाही."

"भाचीच्या फोनवर फोटो बघितला, त्यात दिसतंय. पुढच्या रविवारी येतो. तोवर तिला हात लावू नकोस."

फोन ठेवून हे तिथेच बसून राहिले. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही ह्यांना सुचलं नाही. "विसरला नाही गं पोरगा मला," म्हणाले.

पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. म्हटलं, "तुम्हाला विसरायचा मी पस्तीस वर्षं प्रयत्न करतेय. मला नाही जमलं, त्याला काय जमणार?"