शेफिकाच्या पोराचे पहिले केस

लिम नदीवर धुकं उतरलं की स्तानियाला पलीकडचं सगळं आपल्याच स्वप्नातलं वाटे. त्या सकाळी धुक्यात एक बाई गोधडी झटकत होती. तीच मान, तीच कमरेवर हात ठेवायची ढब. स्तानियाने आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, "वुकोसावा!" वुकोसावाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पलीकडून शेफिकाने हात हलवला.

आता यात चिडण्यासारखं काय होतं, सांगा! पण स्तानिया चिडली. स्तानिया ख्रिस्ती, शेफिका मुसलमान; युद्धात पांगलेलं शेफिकाचं घराणं परतून नदीकाठच्या कुरणात घर बांधणार होतं. दुकानात बसणारा स्तानियाचा दीर ओब्राद म्हणे, आज एक घर, उद्या दहा. स्तानियाची धास्ती निराळीच. त्यांचं पीठ मळणं, शिव्या, पोरांना थोपटणं, सगळं आपल्यासारखंच. अशी माणसं उद्या आपल्या जागी येऊन बसतील नि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्याच तिरीमिरीत ती दुकानात गेली आणि घर बांधू देऊ नये या अर्जावर सही ठोकून आली.

दुपारी शेफिका दारात. कडेवर दीड वर्षाचा ऐदीन, हातात कात्री. ती कशाला आली ते स्तानियाने ओळखलं. पोराचे पहिले केस दुसऱ्या धर्माच्या माणसाने कापले की दोन्ही घरं एकमेकांची कुम होतात, सख्ख्यांहून सख्खी. ही मागणी कुणी नाकारत नाही, आणि कुमाच्या वाईटावर घरचं कुणीच जात नाही.

कॉफी उकळली, निवलीसुद्धा. शेवटी स्तानियाला राहवेना.

"पोरी, मी सकाळीच तुमच्याविरुद्ध सही केलीय."

"ठाऊक आहे, मावशी. म्हणून तर आजच आले. कालपर्यंत घाई नव्हती."

स्तानियाला लाज वाटली, रागही आला. पोरीने बरोब्बर कोंडीत धरलं होतं. तिच्या जागी आपणही हेच केलं असतं. ऐदीन पेंगुळून स्तानियाच्या मांडीवर कलंडला. त्याचे केस वाळल्या गवताच्या रंगाचे, फार मऊ होते. कात्री फिरत असताना तिला कसलीच भीती आठवेना.

मग डोक्याला रुमाल बांधून ती दुकानात गेली आणि अर्जावरच्या आपल्या नावावर आडवी रेघ ओढली. वहिनीला वेड लागलं की काय, असं ओब्रादने सगळ्यांदेखत विचारलं.

"लागलं असेल. तिथे आपल्या कुमाचं घर उभं राहतंय, भाऊजी."

ओब्रादने अर्ज पुन्हा स्वतःपुढे ओढला. त्यावर पहिली सही त्याचीच होती.