आप्पा, शेवटचा नंबर तुमचा

आप्पांच्या खडेबाजारातल्या दुकानात काउंटरवर खोडरबरांची बरणी असायची आणि आप्पांच्या कानावर पेन्सिल असायची, पण त्या दोघांची भेट आप्पांनी कधी होऊ दिली नाही. लिहिताना चूक झालीच तर ते तिच्यावर एक आडवी रेघ मारायचे, शेजारी बरोबर आकडा लिहायचे आणि खाली सही करायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "खोडरबर इकायला हाय मास्तर, वापरायला न्हाय. चूक केली तर ती लोकास्नी दिसली पायजे." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याची वाक्यं जपून ठेवावी लागतात.

मी आकस धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आप्पांवर माझा प्रचंड जीव होता, आणि त्यांना एकदा तरी खाली मान घालायला लावायची हीच माझी बेळगावातल्या आठ वर्षांची मुख्य इच्छा होती. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं राहू शकतात. ज्यांना पटत नाही त्यांनी आप्पांशी एखादा हंगाम खेळून पाहायला हवा होता.

आप्पा मूळचे निपाणीचे. घराण्याची तंबाखूची वखार होती. ती भावांवर सोपवून ते तरुणपणीच बेळगावात आले आणि त्यांनी वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलं. उंची जेमतेम पाच फूट, आणि वेड मात्र बास्केटबॉलचं. थंडी सुरू झाली की दर रविवारी मुरमाच्या कोर्टावर गावातल्या संघांचे सामने व्हायचे. पलटणीचा संघ, सांबऱ्याचे हवाई दलाचे जवान, दोन कॉलेजं, शिवाय निपाणीहून एस. टी.नं येणारी पोरं. कोर्टाच्या कडेला एक डगमगतं टेबल टाकून आप्पा स्कोअर लिहायचे. कोणी किती गुण केले याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. वाद वाढला की ते कानडीत "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे, आणि वाद खरोखर पुरा व्हायचा.

पण आमचा खरा खेळ त्या टेबलाच्या मागे चालायचा. तो आप्पांनीच काढला होता. आम्ही सहा जण होतो. हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवायची आणि सगळ्या संघांमधून आपापले पाच गडी निवडायचे. हा झाला आपला कागदी संघ. त्या गड्यानं रविवारी खऱ्या सामन्यात जितके गुण केले तितके आपल्या नावावर. बिचाऱ्या गड्यांना याचा पत्ताही नसायचा. पलटणीचा हवालदार जीव तोडून पलटणीसाठी खेळायचा आणि इकडे टेबलामागे एक शाळामास्तर त्याच्या नावानं देव पाण्यात घालून बसलेला असायचा. तो मास्तर मी.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अर्धा हंगाम संपायचा आणि आप्पा प्रत्येक कागदी संघाचा आढावा वाचून दाखवायचे. आधी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायचे, मग कागद उघडायचे. गोड बोलायचा करार त्यांच्यापुरता तिथंच संपायचा. दातांच्या डॉक्टरांबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "डॉक्टरांच्या संघाला दात आहेत, पण चावण्याची इच्छा दिसत नाही." पहिल्या वर्षी माझ्याबद्दल लिहिलं, "मास्तरांच्या संघात शिस्त उत्तम. बास्केटच्या आसपास कोणीही गर्दी करत नाही." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी जाऊन बायकोवर खेकसलो. दुसऱ्या वर्षी लिहिलं, "मास्तरांनी यंदा मेहनत घेतली आहे. निकालात दिसत नाही. हे त्यांना शाळेतही अनुभवास येत असेल." त्या दिवशीचा तिळगूळ मी खाल्ला नाही. खिशात ठेवून घरी आणला आणि मुंग्यांना घातला.

आढाव्यात जो शेवटचा येईल त्याला शिक्षा होती. उरलेला अर्धा हंगाम दर रविवारी सकाळी सहाला येऊन त्यानं फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं कोर्टाच्या रेषा आखायच्या. सुतळीचं एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं कोणीतरी ताणून धरायचं, आणि बुडाला भोकं पाडलेला डबा झटकत सुतळीच्या कडेनं वाकून चालत जायचं. आठ वाजेपर्यंत कंबर मोडायची आणि मिश्या पांढऱ्या व्हायच्या. आठ वर्षांत पाच वेळा हे काम माझ्या वाट्याला आलं. आप्पांच्या वाट्याला एकदाही नाही.

सुतळीचं दुसरं टोक धरायला मात्र आप्पा न चुकता यायचे. तेही सोसलं असतं, पण ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे, नाकाला घडी घातलेला रुमाल लावायचे आणि तोंड फिरवून सूचना द्यायचे. "मास्तर, रेघ जरा पोटाला आली बघा. आत घ्या." मी चुन्यात वाकलेलो आणि हे शेटजी रुमाल लावून लांब. तो रुमाल माझ्या डोळ्यांत सलायचा. एक दिवस हा डबा आप्पांच्या हातात देईन आणि रुमाल लावून मी लांब उभा राहीन, अशी मी मनाशी शपथ घेतली.

सहाव्या वर्षी तो दिवस आला होता. आप्पांचे दोन गडी जायबंदी झाले, एकाची बदली झाली. आढाव्याच्या आदल्या सामन्यापर्यंत बाकीचे चौघे पुढे निघून गेले होते आणि शेवटच्या नंबरासाठी आम्ही दोघेच उरलो होतो. सामन्यातलं शेवटचं मिनिट चालू होतं आणि आप्पा माझ्यापेक्षा एका गुणानं मागे होते. माझा हवालदार, चार नंबर, आणि आप्पांचा एक नाईक, नऊ नंबर, दोघेही पलटणीच्याच संघात. बास्केटखाली झुंबड झाली, दोघांचे हात एकदम वर गेले आणि चेंडू आत पडला. पलटणीला काय, दोन गुण मिळाले. ते कोणाचे, हे फक्त आप्पांच्या कागदावर ठरणार होतं.

मी बास्केटच्या मागेच उभा होतो. हात हवालदाराचा होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. सामना संपल्याची शिट्टी होताच धावत टेबलाशी गेलो. कागदावर नऊ लिहिलेलं होतं. एका गुणानं मी शेवटचा.

"आप्पा, चेंडू चार नंबरनं टाकला," मी म्हणालो.

"नऊ."

"तुम्ही खोटं लिहिलंय."

डॉक्टरांनी माझा दंड धरला. आप्पांनी वर पाहिलं नाही. पेन्सिल कानावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "साकु, मास्तर. रविवारी सा वाजता या."

मी गेलो. सुतळी ताणली, आप्पा रुमाल लावून उभे राहिले. टेबलाजवळची रेषा आखताना वाऱ्याचा रोख पालटला तसा मी चुन्याचा सबंध डबा त्यांच्या दिशेनं झटकला. एकदा नाही, तीनदा. आप्पा पांढरे झाले. त्यांनी सुतळी सोडली नाही. रेषा पुरी होईपर्यंत खोकत उभे राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "मास्तर, चुना हळू." पुढचे दोन रविवार ते कोर्टावर आले नाहीत, स्कोअर कॉलेजचा एक जण लिहीत होता. मला बरं वाटलं. खोटं बोलणाऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं मी डॉक्टरांना सांगितलंदेखील.

ते परत आले, आम्ही परत बोलू लागलो, पण त्या नऊ नंबराबद्दल दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही. आणखी दोन वर्षांनी संस्थेनं माझी बदली निपाणीच्या शाळेत केली. निरोपाला आप्पांनी मला एक डझन पेन्सिली दिल्या, वर एक खोडरबर. "तुमाला लागंल," म्हणाले. निपाणीला पोचलो तरी हिशेब चुकता होत नव्हता. दर संक्रांतीला पाकिटातून तिळगूळ यायचा आणि सोबत एका ओळीचा आढावा. "मास्तर गेल्यापासून शेवटच्या नंबरासाठी चुरस वाढली आहे."

ज्या वर्षी पाकीट आलं नाही त्या वर्षी मी बेळगावला गेलो. दुकान बंद होतं. घरी गेलो तर आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, दार उघडलं आणि कपाळ पाहूनच मला कळलं. दिवाळीनंतर महिन्याभरात गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं.

"शेवटी शेवटी श्वासच पुरत नव्हता," आक्का म्हणाल्या. "बारकेपणापासनं वखारीत तंबाखूच्या धुळीत वाढल्यालं. छाती तवाच गेलती. म्हणून तर निपाणी सोडली. डागदरनं सांगितलंतं, धूळ म्हणून अंगावर घ्यायची न्हाय. दुकानसुदिक मीच झाडायची. एकदा कोर्टावर चुना उडाला कसा की, पंधरा दिवस अंथरुणातनं उठलं न्हाईत."

मी विचारलं, "कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगतील व्हय ते? स्कोअर ल्ह्यायला घेणार न्हाईत म्हणून भ्या वाटायचं. धुळीचं काम हाय म्हणून लोक घरी बसवतील म्हणायचे."

मग त्यांनी आतून स्कोअरच्या वह्यांचा गठ्ठा आणला. "तुमच्यासाठी ठेवायला सांगितलंतं," म्हणाल्या. वर सुतळी बांधलेली होती. कोर्टाचीच, चुन्यानं पांढरी पडलेली. मी सहाव्या वर्षाची वही काढली आणि ते पान शोधलं. आडवी रेघ नव्हती, सही नव्हती. नऊच्या खाली कागद खरवडून पातळ झाला होता. उजेडात धरला तर त्यातून चार दिसत होता. बाकी सगळ्या वह्या मी नंतर पानन् पान पाहिल्या. खोडलेली जागा तेवढी एकच आहे.

म्हणजे माझं बरोबर होतं. आप्पा खोटं लिहून वाचले होते आणि हे सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता. इतकी वर्षं याच क्षणासाठी मी दात धरून होतो. आक्का समोर बसल्या होत्या, आणि मला तो तीनदा झटकलेला डबा दिसत होता. आप्पांनी एक शब्द बोलायला हवा होता. मास्तर, मला चुना सोसत नाही. एवढंच. मी आठही वर्षं फक्की मारली असती. पण नाही, माणसाला मान प्यारा. त्या रागातून मी अजून बाहेर आलेलो नाही, आणि येणारही नाही.

म्हणून त्याच वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, त्यांनीच दिलेल्या पेन्सिलीनं, मी राहिलेला आढावा लिहून ठेवला आहे. आधी त्या पानावरच्या नऊवर आडवी रेघ मारली, शेजारी चार लिहिलं, सही केली. आप्पांचा संघ, शेवटचा नंबर. लिहायची पद्धत उत्तम, नजर उत्तम, एकदाच खोटेपणा केला आणि तोही धड जमला नाही. निकाल बदलणार नाही. साकु.

शिक्षा नियमाप्रमाणे. रविवारी सकाळी सहा वाजता कोर्टावर यावं. डबा मी घेईन. तुम्ही फक्त सुतळीचं टोक धरा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून.