काशीत सोडलेली कॉफी

आमच्या जळगाव जामोदात कॉफी म्हणजे उपासाची, नाहीतर पाहुण्यांची. रोजचा आपला चहा. अपवाद आमच्या घराचा, कारण माझे सासरे तुळशीराम तरुणपणी शेगावच्या एका लॉजवर कामाला होते आणि तिथून कॉफी शिकून आले. पुढे सगळं आयुष्य भाजीच्या मळ्यात गेलं. स्वयंपाकघरातलं हे एकच काम त्यांना येतं, आणि त्याचा तोरा एवढा की विचारू नका.

त्यांची कॉफी निव्वळ दुधाची, पाकासारखी गोड, वर सढळ हाताने जायफळ. पाण्याचा थेंब पडला तर तो कॉफीचा अपमान. दुपारी मळ्यातून आले की स्वतः करायची आणि सासूबाईंना, म्हणजे अन्नपूर्णाबाईंना, ओसरीवर बोलवायचं. दोघं शेजारी बसून प्यायची. भेंडीचा भाव, कुणाच्या पोरीचं लग्न, असल्या गप्पा चालायच्या. एरवी ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात.

मागच्या वर्षी दोघं काशीला जाऊन आली. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपली रीत. आता खरं सांगायचं तर लोक मोठे हुशार. कुणी दोडकं सोडतं, कुणी कारलं. सासऱ्यांनीही शेपू सोडला, जो त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घातला नव्हता. सासूबाईंनी मात्र कॉफी सोडली.

सासऱ्यांना केवढा अभिमान! "आमच्या हिनं खरी आवडीची चीज सोडली," असं गल्लीभर सांगत फिरले. काही दिवस एकट्यापुरती कॉफी केली. मग तिच्यासमोर पिणं बरं दिसेना, म्हणून तीही बंद केली. दुपारी येऊन टीव्हीपुढे लवंडायला लागले. सासूबाई ओसरीवर एकट्याच गहू निवडत बसायच्या. ना बोलण्यात लक्ष, ना जेवणात. मला ते बघवेना, म्हणून एका दुपारी सरळ विचारलं, "कॉफीची लई याद येते काय?"

"मले त्याहीची कॉफी कधीच नाही आवडली वं," त्या म्हणाल्या. "लई गोड. जायफळानं मळमळते. म्हणून तं सोडली."

म्हणजे यांचंही दोडकंच निघालं. मी कपाळाला हात लावला. "मंग इतके वर्सं पेल्या काऊन?"

उत्तर यायच्या आत दारात सासरे दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा पार उतरला होता, आणि मला त्यांची फार दया आली.

"काशीत खोटं बोलली तू?" ते म्हणाले. "आवडीचं सोडा लागते."

"ते बी सुटलंच ना," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

"काय सुटलं?"

"तुमच्यासंगं बसनं."

 सासरे खाली बसले आणि सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"चाय तं चालते ना तुले?" त्यांनी विचारलं. "कशी घेतं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"साखर कमी. पानी जास्त. आन् जायफळ नोको."

सासरे आत गेले. हाताची सवय कुठे जाते? चहा आला तो पाकासारखा गोडच. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि त्यांच्यादेखत तोंड वाकडं केलं. सासऱ्यांनी कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि पुन्हा आधण ठेवलं.