आवडाबाईचं चुकलेलं कार्ड

कल्याण स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका रक्तपेढीत मंदाकिनी करंबेळकर यांनी वीस वर्षं नोकरी केली. डोंबिवलीहून सकाळी यायचं, पांढरा कोट चढवायचा आणि रक्त जुळतं का ते बघायचं, म्हणजे क्रॉसमॅच करायचं. त्या वीस वर्षांतला एक दिवस त्यांना तारखेसकट आठवतो : १९ मार्च १९९१.

त्या सकाळी खाडीवर होडी चालवणारा नाथा कोळी बहिणीच्या रक्ताची नळी आणि ब्लड ग्रुपचं कार्ड घेऊन आला. बहीण आवडाबाई ठाकुर्लीला दिलेली. अंगावरून इतकं जात होतं की हिमोग्लोबिन चारवर आलेलं. संध्याकाळी ऑपरेशन करून गर्भपिशवी काढायची होती. कार्डावर लिहिलं होतं ‘ओ पॉझिटिव्ह’, खाली मंदाकिनीबाईंची सही. तीन वर्षांपूर्वी ठाकुर्लीच्या शिबिरात त्यांनीच ते दिलं होतं.

फ्रिजमध्ये ‘ओ’च्या सात बाटल्या होत्या. पहिल्या बाटलीतल्या तांबड्या पेशींवर बाईंनी आवडाबाईच्या रक्तावर आलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, टाकलं. मिनिटभरात गुठळ्या, म्हणजे जुळत नाही. दुसरी बाटली, गुठळ्या. सातव्या बाटलीनंतर त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. त्यांचा ग्रुपही ‘ओ’. त्यांचं रक्तही फुटलेल्या दह्यासारखं झालं. शेवटी आवडाबाईचं सिरम तिच्याच पेशींवर टाकलं. ते मात्र स्वच्छ राहिलं.

बाई स्टुलावर बसल्या. पुस्तकात एकदा वाचलेलं एका दुर्मिळ रक्तगटाचं पान त्यांना आठवलं.

“नाथाभाऊ, तुमचे आईवडील नात्यातले का?”

“बापानं मामाचेच पोरीशी लगीन केलं. आमचेत तसंच करतात. का वो?”

“रक्ताच्या पेशीवर साखरेचे बारीक दाणे चिकटलेले असतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीर त्या दाण्यांवरून ओळखतं. ए आणि बी ग्रुपला शेवटचा दाणा वेगवेगळा. ‘ओ’ला शेवटचा नसतो, नुसता बुडाचा असतो. तुमच्या बहिणीला तो बुडाचाही नाही; नात्यातल्या लग्नांत कधी कधी असं होतं. त्यामुळे जगातलं जवळजवळ सगळं रक्त तिला परकं.”

“साखर नाय? मग डॉक्टर तिला च्यात साखर घालू नको का सांगतो?”

“ती वेगळी साखर हो. तिच्या सख्ख्या भावंडांत कुणाला तरी असंच असू शकतं. सगळ्यांना घेऊन या.”

“आणतो. माझं नका घेऊ पण, त्यात अर्धी ताडी हाय.”

तो गेला आणि फोन वाजला. आवडाबाईचं ऑपरेशन करणारे डॉक्टर होते.

“बाई, दोन तास झाले. ‘ओ’ला ‘ओ’ द्यायला एवढा वेळ?”

“एकही बाटली जुळत नाही. ती ओ नाही.”

“कार्डावर तुमचीच सही आहे!”

“हो. कार्ड मीच चुकीचं दिलंय.”

“ठीक आहे, ठाण्याहून मागवतो. ते कार्ड बघून लगेच देतील.”

“कार्ड मी ठेवून घेतलंय, डॉक्टर. ओची बाटली लावलीत तर ती टेबलावरच जाईल.”

फोन आपटला गेला. बाईंनी कार्ड कोटाच्या खिशात घातलं. चूक कुठे झाली ते त्यांना ठाऊक होतं. शिबिरात टाइलवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, ए आणि बी ओळखणारी दोन औषधं टाकायची. दोन्हींत गुठळी झाली नाही की ‘ओ’ लिहायचं. त्याच माणसाचं सिरम ओच्या पेशींवर टाकून उलट पडताळायचं असतं, पण रांग मोठी असते आणि आयोजकांना उरकायची घाई. सगळेच ते सोडत. त्यांनीही सोडलं होतं.

दुपारी नाथा धाकट्या भावंडांना, मोरू आणि रतनला, घेऊन आला. आवडाबाईच्या सिरमनं मोरूच्या पेशींची गुठळी झाली. रतनच्याही.

“आता तुम्ही या,” बाई नाथाला म्हणाल्या.

“सांगितलं ना, ताडी...”

“कधी घेतलीत शेवटची?”

“परवा.”

“मग उतरली. हात द्या.”

त्याच्या पेशींवर सिरम पडलं. बाईंनी नळी उजेडात धरून हलवली, पुन्हा हलवली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकही गुठळी नव्हती.

नाथानं एक बाटली रक्त दिलं. त्याहून जास्त घेता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्या एका बाटलीवर ऑपरेशन केलं. आवडाबाई अकराव्या दिवशी घरी गेली. नंतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर ‘कार्ड आहे, तरी क्रॉसमॅच करणे’ अशी ओळ येऊ लागली.

त्यानंतर मंदाकिनीबाई शिबिरात प्रत्येक ‘ओ’ची उलट तपासणी करू लागल्या. रांग अडायची, आयोजक कुरकुरायचे. विठ्ठलवाडीच्या एका शिबिरात तर कार्यकर्ता म्हणाला, “बाई, लोकं रक्त द्यायला आलीत, बारावीच्या परीक्षेला नाही.” बाईंनी त्याचंही सिरम घेतलं.

निवृत्तीपर्यंतच्या आठ वर्षांत आवडाबाईसारखं रक्त त्यांना एकदाही सापडलं नाही. तपासणी त्यांनी सोडली नाही.