चौकटराव आणि रक्ताची पिशवी

त्यांचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि विजेच्या बिलावर उरले. घरी व कचेरीत सर्वजण त्यांना चौकटराव म्हणत. वय चौसष्ट. त्यातील निम्मे चौकोन काढण्यात गेले. संगणकात माहिती साठवण्यापूर्वी एखाद्या व्यवहारात मुळात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे कागदावर ठरवावे लागते. प्रत्येक गोष्टीला एक चौकोन, दोन चौकोनांमध्ये रेघ, आणि रेघेच्या टोकांवर ‘एकाला किती’ याचा निवाडा. हाच पाया. तो चुकला की वरचे मजले कितीही देखणे असोत, भिंतीला तडे जायचेच.

कंपनी त्यांच्या मेहुण्याची होती. इस्पितळाच्या रक्तपेढीचे काम वेळेवर उरकले तर भागीदारी आणि पाटीवर दुसरे नाव, असा मेहुण्याचा शब्द होता. ‘बायकोच्या भावाकडे चाकरीला’ हे ऐकून चौकटरावांचे कान किटले होते. त्यामुळे पाटीचे त्यांना अप्रूप होते.

ऐकीव माहितीवर त्यांचा विश्वास नसे. “लोक सांगतात एक, करतात भलतंच,” असे म्हणून ते कामाच्या जागी दिवसभर स्टुलावर बसत आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच काढत. रक्तपेढीतही बसले. रक्तदाता आला, पिशवी भरली, तपासली गेली. तशीच एक पिशवी एका रुग्णाकडे गेली. त्यांनी लिहिले: पिशवीला रुग्ण, एकाला एक. चौकोन पाहून भल्याभल्यांच्या माना डोलतात, तशा तेथेही डोलल्या. त्या आराखड्यावर सगळी प्रणाली उभी राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कचेरीतील मंडळींनी रक्तदान केले. चौकटराव खाटेवर आडवे असताना शेजारच्या खोलीतून घरघर ऐकू आली.

“हे काय वाजतंय?”

“तुमच्या पिशवीची वाट बघतंय, काका,” तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. “गरगर फिरवून रक्त वेगळं करायचं. तांबड्या पेशी एकाला, प्लेटलेट दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला. एका दमात तिघांचं भलं!”

“मी आलो तेव्हा हे यंत्र नव्हतं.”

“होतं की. बिघडलं होतं. त्या दिवशी पिशव्या तशाच द्याव्या लागल्या.”

चौकटरावांनी मनातल्या मनात आपला आराखडा तपासला. उद्या एखाद्या रक्तदात्याला आजार निघाला, तर त्यांची प्रणाली एकाच रुग्णाचे नाव दाखवणार होती. उरलेल्या दोघांना शोधायचे कसे?

ते तडक मेहुण्याकडे गेले.

“भावोजी, राईचा पर्वत करू नका. सोमवारी उद्घाटन. मागाहून एक रकाना वाढवू.”

“रकान्यानं भागायचं नाही. ‘घटक’ हा वेगळा चौकोन हवा. एका पिशवीचे अनेक घटक, एका घटकाला एक रुग्ण. खालची सगळी मांडणी बदलेल.”

“म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर नवरी बदला म्हणता!”

“नवरी तीच. मी तिला एकुलती एक समजलो. तिघी बहिणी निघाल्या.”

मेहुणा हसला नाही. “आणि इस्पितळाला काय सांगू?”

“चूक माझी. मीच लेखी कळवतो.”

“मग पाटीचं विसरा.”

चौकटराव “बरं,” म्हणाले आणि पत्र लिहायला बसले.

घरी पत्नीने सगळे ऐकून घेतले. “डब्याला झाकणं किती म्हणून माझं डोकं खाता, आणि बाहेर जाऊन नेमकं तेच चुकलात?”

“चुकलो.”

“पाटी गेली?”

“गेली.”

“जाऊ द्या. दादाच्या नावापुढं तुमचं मावलंही नसतं.”

नवी मांडणी होईपर्यंत उद्घाटन दोन महिने लांबले आणि इस्पितळाने पुढचे काम दुसऱ्या कंपनीला दिले. वर्षभराने एका रक्तदात्याने कावीळ निघाल्याचे कळवले. त्याच दुपारी तिन्ही रुग्णांना बोलावणे गेले. दोघे निर्धोक निघाले, तिसऱ्यावर वेळीच उपचार सुरू झाले. इस्पितळाने आभाराचे पत्र पाठवले. मेहुण्याने ते चौकटरावांच्या टेबलावर ठेवले आणि तो आपल्या खोलीत गेला.

तेव्हापासून त्या कंपनीत एका दिवसाच्या पाहणीवर कोणी आराखडा काढत नाही. आज येथे काय बंद आहे, हे आधी विचारतात. भागीदारीचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही. चौकटराव पगारदार म्हणूनच निवृत्त झाले.